कायो-सानचं रडणं

कायो-साननी माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मुलीच्या थोबाडीत मारली, तिथून आमची ओळख सुरू झाली.

शनिवारची संध्याकाळ होती. मी भाजी घेऊन परत येत होते. सिंगापूरमधल्या आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, स्विमिंग पूलपलीकडे जो हिरवळीचा तुकडा आहे, तिथे ईरा उभी होती आणि तिच्यासमोर नवव्या मजल्यावरची जपानी म्हातारी. म्हातारीनं हात उगारला. खाड्कन आवाज झाला, ईराची मान एका बाजूला फेकली गेली आणि ती गाल धरून खाली बसली. पिशवी तिथेच टाकून मी किंचाळत धावले.

"ममा, रिलॅक्स लाह!" ईरा हसत उठली. "इट्स फेक! आंटी टीचिंग मी."

मी तिचा गाल बघितला. लाल नव्हता, काही नव्हतं. हात गालाच्या अलीकडून गेला होता आणि आवाज ईरानंच स्वतःच्या दोन हातांनी, कमरेपाशी, टाळी वाजवून काढला होता. मला धाप लागली होती. म्हातारीनं मला वाकून नमस्कार केला आणि तुटक इंग्रजीत अगदी गंभीरपणे समजावलं, "मारणारीला फार काम नसतं. सगळं काम मार खाणारीचं. तुमची मुलगी चांगला मार खाते."

असं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

काँडोत सगळे त्यांना मिसेस तान म्हणत. नवरा सिंगापूरचाच, चिनी, जन्मभर सेम्बावांगच्या गोदीत जहाजं दुरुस्त करणारा इंजिनियर. तो जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. माझा नवरा शिरीषही मरीन इंजिनियर, वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर. ते कळल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तुला एकटीनं जेवायची सवय आहे." पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवत होते. मला मिसेस तान म्हणू नकोस, असंही त्यांनी तिथेच सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्या कायो-सान. माझ्या नावातला 'घ' त्यांना कधी जमला नाही, त्यामुळे अनघाची मी अनागा-सान झाले.

उंचीनं माझ्या खांद्याला लागत. पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले, सुती पँट, आणि मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, जे सैल होऊन सारखं कोपराकडे घसरायचं. वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी ईस्ट कोस्टच्या पार्कात चालायला जात आणि एका ठरावीक ठिकाणी समुद्राकडे तोंड करून उभ्या राहत. समोर नांगरलेल्या जहाजांची रांग. त्या जहाजांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या जपानी अक्षरं म्हणायच्या. गाणं नाही, नुसती बाराखडीसारखी अक्षरं, पण प्रत्येक अक्षर सुटं, टणक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा कुडीतून तो आवाज येतोय यावर विश्वास बसेना. एकदा एक सायकलवाला घाबरून थांबला, "आंटी, यू ओके ऑर नॉट?" त्या त्याला म्हणाल्या, "ओके. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं का, एवढंच बघते."

"कायो-सान, तुम्ही नाटकात होता का?" मी विचारलं.

"होते."

"मोठी कामं केलीत?"

"लांब कामं केली," एवढंच म्हणून त्या चालू लागल्या.

हॉकर सेंटरमध्ये त्या नेहमी गर्दीकडे तोंड करून बसत. पुढ्यातली फिशबॉल नूडल्स गार होत आणि त्या लोकांचं जेवण बघत. "तो निळा शर्ट बघ. बायको बोलते तेव्हा तो चावत नाही. तिचं थांबलं की चावतो. भीती आहे." मी एकदा म्हटलं, माझं काय दिसतं सांगा. त्या उठल्या आणि दोन टेबलांमधून चालून आल्या. फक्त पाच-सहा पावलं. उजवा खांदा पुढे, मान किंचित खाली, जणू समोरचं दार आत्ता बंद होणार आहे. ती मी होते! माझ्या आईलाही जे कधी दिसलं नसेल ते या बाईनं मला दाखवलं होतं. मला हसूही येईना.

त्यांची एक सवय मला विचित्र वाटायची. माझ्या घरी कधी टीव्ही चालू असला आणि पडद्यावर कोणी रडायला लागलं, की त्या उठून बाल्कनीत जायच्या. रडणं संपलं की परत येऊन बसायच्या. तान वारले तेव्हा त्या अजिबात रडल्या नाहीत म्हणून सासरच्या लोकांनी डूख धरला होता, हेही त्यांनीच सांगितलं. "त्यांना वाटलं मला दुःख नाही," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

आता ती तालीम. ती आठवली की मला आजही कानकोंडं व्हायला होतं.

आमचं इथलं मराठी मंडळ गणपतीत एक नाटक करतं. कोणी बँकेत, कोणी ऑडिटमध्ये, सगळे रविवारचे नट. दोन वर्षं झाली, दिग्दर्शन माझ्याकडे आहे. त्या वर्षीच्या नाटकात मेघना आईचं काम करत होती. मेघना माझी मैत्रीण, एका विमा कंपनीत आहे. नाटकातला तिचा मुलगा घर सोडून जातो आणि ती दारात उभी राहून रडते, असा शेवट होता. मेघनाला रडू येत नव्हतं. डोळे चोळायची, आवाज घोगरा करायची, सगळं खोटं. प्रयोग दहा दिवसांवर आलेला. तालीम बुकित तिमाहला, एका सभासदाच्या काँडोतल्या फंक्शन रूममध्ये होती. कायो-सान सहज म्हणून माझ्याबरोबर आल्या होत्या आणि मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

मी मेघनाला बाजूला घेतलं. तिचे बाबा आदल्या वर्षी पुण्याला वारले होते आणि तिला तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी तिला हळूच म्हटलं, "दारात तुझा मुलगा उभा आहे असं समजू नकोस. बाबा आहेत असं समज."

मेघनानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती जाऊन उभी राहिली. मग ती खरोखर रडली. हुंदक्यामागून हुंदका. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी खूश होऊन मागे वळले, कायो-सानना काय वाटलं ते बघायला.

त्या उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"काय सांगितलंस तिला?" त्यांनी विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं. म्हटलं, वडिलांची आठवण करून दिली.

"थांबव!" त्या ओरडल्या. तोच समुद्रावरचा आवाज, बंद खोलीत. भिंतीला टेकून उभी असलेली माणसं दचकली. त्या तरातरा चालत मेघनापाशी गेल्या, तिचा हात धरला, तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि तिचं रडणं थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिचे वडील तुझे नाहीत. तू ते घ्यायचे नाहीत."

सगळ्यांसमोर. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी काहीतरी बोलले असणार, नाटक म्हटलं की असं करावंच लागतं, वगैरे. परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही फुगून होते. मला मनातून वाटत होतं, हौशी लोकांच्या तालमीत एवढं काय आभाळ कोसळलं? कोण समजते ही बाई स्वतःला?

ते मला पुढच्याच महिन्यात कळलं.

मी ऑफिसातून येत होते. खाली लॉबीत एक तरुण मुलगी गार्डशी बोलत होती. तिच्या हातात एक जुना फोटो होता. "कायो इसेमुरा इथेच राहतात का?" गार्ड म्हणत होता, या नावाचं कोणी नाही. मी फोटो पाहिला आणि थबकले. पंचवीस-सव्वीस वर्षांची एक बाई, कोळिणीच्या वेशात, वाऱ्यानं केस उडालेले, डोळे असे की नजर काढवेना. डोळे कायो-सानचे होते.

"तुम्ही ओळखता त्यांना?" ती मुलगी म्हणाली. तिचं आडनाव कोह. इथल्या एका चित्रपट महोत्सवाचे सिनेमे निवडायचं काम ती करायची. मिस कोह इतक्या भराभर बोलत होती की मला निम्मं कळलं. कायो इसेमुरा ही जपानी रंगभूमीवरची मोठी नटी, पंधराव्या वर्षी नाटकात आली, मग सिनेमात. तिचा एक चित्रपट जगभर गाजला. त्यातला रडण्याचा प्रसंग अभिनय शिकवणाऱ्या शाळांमध्ये अजून दाखवतात. मग तिनं अचानक सिनेमा सोडला, काही वर्षांनी नाटकही सोडलं आणि ती कुठे गेली कोणालाच माहीत नाही. "आम्हाला वाटलं त्या वारल्या! मग इथल्या पार्कात कोणीतरी त्यांचा आवाज ओळखला म्हणे. आणि त्या ईस्ट कोस्टला राहतात?"

फिशबॉल नूडल्स गार करणारी माझी शेजारीण! मी मिस कोहला वर घेऊन गेले. लिफ्टमध्ये मला दोनदा वाटलं की आपण चूक करतोय, पण कुतूहल आवरेना.

कायो-साननी दार उघडलं, फोटो पाहिला आणि शांतपणे आत बोलावलं. मिस कोहनं सांगितलं की त्या चित्रपटाची नवी, स्वच्छ केलेली प्रत तयार झाली आहे, महोत्सवात दाखवायची आहे, तुम्ही यावं. कायो-साननी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि "विचार करते" म्हणून तिला निरोप दिला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तू बस."

त्यांनी एक पोमेलो, म्हणजे पपनस, आणलं आणि सोलायला बसल्या. जाड साल, मग पांढरा पापुद्रा, मग एकेक फोड. बोलताना वर पाहिलं नाही.

"तो प्रसंग तू पाहिला आहेस?"

"नाही."

"मीही नाही पाहिला." एक फोड माझ्यापुढे ठेवली. "कोळ्याची बायको आहे. झोपडीपुढे तांदूळ धुते आहे. गावातला माणूस येतो आणि सांगतो, तुझ्या नवऱ्याची होडी परत आली नाही. बस, एवढंच. माझ्याकडे एक वाक्य पण नव्हतं. मी तीन आठवडे तयारी केली. गावातल्या बायकांबरोबर राहिले. तांदूळ धुतले. माझी हातांची कातडी गेली होती."

"मग?"

"सकाळी सातला आम्ही उतरलो होतो त्या लॉजवर माझ्या भावाचा फोन आला. दिग्दर्शकानं घेतला. त्यानं सगळ्यांना बजावलं, हिला काही सांगायचं नाही. दुपारी तीनला चांगलं ऊन येतं, तेव्हा शॉट होता. मी बसले. तांदूळ धुवायला लागले. तो नट आला. कॅमेऱ्याकडे त्याची पाठ होती. आणि तो म्हणाला, 'कायो, तुझी आई आज पहाटे गेली.'"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे हे... खरंच?"

"मला वाटलं वाक्य चुकलं. मी म्हणणार होते, परत म्हण. मग त्याचा चेहरा पाहिला. तो रडत होता. तो काही चांगला नट नव्हता, अनागा-सान. त्याला तसं रडता येत नसे."

फोड माझ्या हातातच राहिली होती. त्या मात्र पोमेलोच्या बिया एका बशीत गोळा करत होत्या.

"नंतर त्याचं वाक्य बदललं. आवाज वरून भरला. पाठ होती ना, ओठ दिसत नव्हते. माझं रडणं तसंच ठेवलं. बारा वाजता आमच्या गावाकडे गाडी होती. ती गेली. संध्याकाळपासून उत्तरेला बर्फ, रूळ बंद. मी पोचले तेव्हा आईच्या अस्थी होत्या."

"आणि तुम्ही त्या दिग्दर्शकाला काही बोलला नाहीत?"

"तो बोलला. शॉट झाल्यावर जवळ आला, मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, 'माफ कर. पण असं तुला कधीच जमलं नसतं.'"

इथे मात्र त्यांचा हात थांबला. "आई गेली हे त्यानं मला उशिरा सांगितलं. त्याची मी कधी क्षमा केली असती की नाही, माहीत नाही. पण माझ्याकडे तयार होतं! तीन आठवडे. त्यानं बघितलं पण नाही माझ्याकडे काय आहे."

करार होता म्हणून त्यांनी तो चित्रपट पुरा केला. बक्षिसं घ्यायला गेल्या नाहीत. परत नाटकात गेल्या, पण तिथेही प्रत्येकजण म्हणे, 'तसं' रड. तीन वर्षांत त्यांचं रडणंच आटलं, रंगमंचावरचं आणि घरातलंही. मग तान भेटले, जहाजबांधणी शिकायला जपानला आलेले. त्यांनी सिनेमे बघितलेच नव्हते. "म्हणून लग्न केलं," कायो-सान म्हणाल्या.

त्या दिवशी मी घरी आले आणि पहिला फोन मेघनाला केला. माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, विसरले मी ते." विसरली नव्हती. तिच्या आवाजावरून कळत होतं.

कायो-सान महोत्सवाला जायला तयार झाल्या, याचंच मला आश्चर्य वाटलं. अट एक होती. सिनेमा चालू असताना त्या बाहेर बसणार, संपल्यावर आत येणार. मेघना आपणहून म्हणाली, मी त्यांच्यासोबत बाहेर बसते. तशा त्या दोघी बाकावर बसल्या, थर्मासमधला चहा पीत, आणि मी आत गेले.

चित्रपटाचं नाव मी लिहीत नाही, त्यांनी तसं सांगितलं होतं. चित्रपट सुंदर होता. हे मला कबूल करावं लागेल आणि ते कबूल करताना माझी मलाच लाज वाटते. तो प्रसंग आला. मला सगळं माहीत होतं. तो पाठमोरा माणूस आला, बोलला, खाली अक्षरं उमटली: तुझ्या नवऱ्याची होडी परत आली नाही. तिनं वर पाहिलं. काही क्षण ती काहीच करत नाही. मग हातातलं भांडं कलंडतं, तांदूळ वाळूत सांडतात आणि ती जनावरासारखी ओरडते. सगळं सभागृह मुसमुसत होतं. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते, कारण मला उठून पडद्यापुढे उभं राहावं आणि 'बघू नका' म्हणून ओरडावंसं वाटत होतं.

दिवे लागले. कायो-सान मंचावर आल्या, करड्या किमोनोत. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मिस कोह भारावलेली. तिनं तोच प्रश्न विचारला जो विचारायला नको होता. "तो प्रसंग तुम्ही कसा केलात?"

"मी नाही केला," कायो-सान म्हणाल्या. आणि जे मला पोमेलो सोलताना सांगितलं होतं ते चार वाक्यांत सांगितलं.

मिस कोहनं तोंडावर हात ठेवला होता. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"आता मी जे तयार केलं होतं ते दाखवते," कायो-सान म्हणाल्या. "खुर्ची काढा, प्लीज."

त्यांना गुडघे टेकायला बराच वेळ लागला. एक हात जमिनीवर, मग दुसरा. कोणीतरी मदतीला पुढे झालं तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग त्या तांदूळ धुवायला लागल्या. हातात काही नव्हतं, पण पाण्याचा गारवा त्यांच्या बोटांत दिसत होता. त्यांनी वर पाहिलं. कोणीतरी आलं, काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी आपण दूधवाल्याला हलवतो, आणि पुन्हा धुवायला लागल्या. पाणी ओतलं, नवं घेतलं, धुतले, परत ओतलं. नितळ पाणी आलं तरी थांबेनात. मग अचानक हात थांबले. त्यांनी भांड्यात वाकून पाहिलं. एक मूठ तांदूळ बाहेर काढले. धुतलेले, ओले तांदूळ. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. परत टाकता येईनात, खाली ठेवता येईनात. ती मूठ तशीच धरून त्या बसल्या.

डोळ्यांत टिपूस नव्हता.

त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या किंकाळीपेक्षा ही मूठ भयंकर होती, आणि त्या दिग्दर्शकानं ती बघितलीसुद्धा नव्हती.

टाळी कोणी वाजवली नाही. वाजवायची की नाही हेच लोकांना कळत नव्हतं. तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक वृद्ध जपानी गृहस्थ उठले. इंग्रजीत बोलले. त्यांची आई गेली तेव्हा त्यांना रडू आलं नव्हतं. या चित्रपटातल्या त्या प्रसंगाला पहिल्यांदा आलं. दरवर्षी आईच्या स्मृतिदिनी ते तो बघतात. "आज तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत," ते म्हणाले. रागानं म्हणाले.

कायो-सान अजून जमिनीवरच होत्या. त्यांनी त्या गृहस्थांकडे पाहिलं आणि डोकं जमिनीला टेकेपर्यंत वाकल्या.

"तुम्ही माझ्या आईसाठी रडलात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तिच्यापाशी नव्हते. आभारी आहे."

ते गृहस्थ मटकन खाली बसले.

त्यानंतर बरंच काही झालं. कुठे कुठे छापून आलं, लोकांनी उलटसुलट लिहिलं. मेलेल्या दिग्दर्शकाची बदनामी कशाला, असंही लिहिलं. कायो-साननी कुणाला उत्तर दिलं नाही. त्यांचं दुसरंच ठरलं होतं. गुडघे साथ देत नव्हते आणि जपानला एक भाची होती, ती बोलावत होती. फ्लॅट विकला गेला. जायला पाच दिवस उरले होते तेव्हा, रविवारी दुपारी, त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"अनागा-सान, तो सिनेमा तुझ्याकडे आहे?"

मिस कोहनं मला लिंक पाठवली होती. मी चाचरले. "सगळा बघायचाय?"

"नाही. फक्त ते."

ईरा शिकवणीला गेली होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी प्रसंग काढून दिला आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहिले. त्या नाकावर चष्मा चढवून पुढे वाकल्या होत्या. किंकाळी आली. त्या दचकल्या नाहीत. उठून बाल्कनीतही गेल्या नाहीत.

"किती लहान आहे ही," त्या म्हणाल्या. जणू कोणा दुसऱ्याच मुलीबद्दल.

मग त्यांनी मला मागे न्यायला सांगितलं. परत पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी बोट पुढे केलं. "इथे बघ. खाली."

पडद्याच्या खालच्या कडेला, वाळूवर, लांब सावल्या पडल्या होत्या. मी त्या आधीही पाहिल्या होत्या. गोष्टीत गावकरी जमा होतात, त्यांच्या सावल्या असतील असं समजले होते.

"गावकरी पुढच्या शॉटला येतात," कायो-सान म्हणाल्या. "आत्ता तिथे कोणी नाही. ही आमची माणसं. मेकअपची बाई. दिवेवाले. रोज आम्ही एकत्र जेवत होतो." त्यांचं बोट एकेका सावलीवरून सरकलं. "बघ. एकही हलत नाही."

मी पाहिलं. मुलगी वाळूत कोसळलेली, आईला हाका मारते आहे. आता मला ते ऐकू येत होतं, ती खरंच हाका मारत होती. आणि कडेला त्या दहा-बारा सावल्या. काळ्या, लांब, आखल्यासारख्या. शेवटपर्यंत एकही पाऊलभरसुद्धा पुढे आली नाही. एवढी वर्षं जगभरच्या लोकांनी हा प्रसंग पाहिला होता आणि हे कोणाला दिसलं नव्हतं. मलाही नाही.

"कोणी गेलं कसं नाही तिच्याजवळ?" कायो-साननी विचारलं. तक्रार नव्हती. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, मला वाकून नमस्कार केला आणि त्या निघाल्या. मी दारापर्यंत गेले. त्या कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टची वाट बघत उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून.

मी दार लावणार तेवढ्यात मला त्यांचे खांदे दिसले. आवाज अजिबात नव्हता. नुसते खांदे हलत होते आणि एका हातानं त्यांनी भिंत धरली होती. तान गेले तेव्हा जे आलं नव्हतं ते आलं होतं.

मी दारात उभी होते. कोणाचं एकटेपण असतं, आपण मध्ये पडू नये, दार हळूच लावून घ्यावं, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. माझा हात दाराच्या मुठीवर होता. मग मी माझ्याच पायांकडे पाहिलं. उंबऱ्याच्या आत, स्थिर.

मी अनवाणीच धावले.

लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, निघून गेली. पुन्हा आली. कोणी शेजारी आत होते, ते आमच्याकडे बघत खाली गेले. आम्ही तिथेच उभ्या होतो. त्यांचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं, आणि त्या आपल्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तो समजायला मला जपानी यायची गरज नव्हती.